प्लेसमेंट विभागास खुले पत्र: ‘नाही’ म्हटल्यावर फॉर्म संपवू नका

प्रति,
प्रमुख, ट्रेनिंग अँड प्लेसमेंट विभाग,
माझं महाविद्यालय, आणि राज्यातली बाकीची सगळी अभियांत्रिकी महाविद्यालयं

स. न. वि. वि.

मागच्या महिन्यात तुमच्याकडून माजी विद्यार्थ्यांच्या माहितीचा फॉर्म आला. नाव, शाखा, उत्तीर्ण झाल्याचं वर्ष. मी भरलं: मेकॅनिकल, २००९. चौथा प्रश्न होता, ‘सध्याचं काम पदवीच्या शाखेशी संबंधित आहे का?’ मी ‘नाही’वर टिचकी मारली. पुढच्या पानावर ‘माहितीबद्दल आभार’ एवढंच होतं. फॉर्म संपला होता.

त्याच संध्याकाळी वर्गातल्या एका मैत्रिणीशी बोलणं झालं. ती पंपाच्या कारखान्यात डिझाइनला आहे. तिने ‘होय’ म्हटल्यावर तिला आणखी अकरा प्रश्न आले. त्यातला शेवटचा होता, ‘महाविद्यालयात शिकलेल्या कोणत्या गोष्टी आज कामात उपयोगी पडतात?’ हा प्रश्न मला हवा होता. माझ्याकडे त्याचं उत्तर आहे, आणि ते तुमच्यापर्यंत पोहोचावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

मी मोडी वाचते. जुने मोडी कागद वाचून त्यांचं बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, लिप्यंतर करून देणं, हे २०१५पासून माझ्या पोटापाण्याचं काम आहे. जमिनीच्या दाव्यातले कागद, देवस्थानांच्या सनदा, वतनदार घराण्यांच्या याद्या, अभ्यासकांना हवी असलेली पत्रं. त्याआधी सहा वर्षं मी भोसरीच्या एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीला होते. २००८च्या मंदीनंतर लगेच बाहेर पडलेली आमची तुकडी. ज्याला जिथे जागा मिळाली तिथे तो चिकटला. मला इनकमिंग इन्स्पेक्शन मिळालं. आलेला माल मोजायचा, ड्रॉइंगशी ताडायचा, बसत नसेल तर लाल टॅग लावायचा.

मोडीशी गाठ पडली ती चुलत्यांच्या जमिनीच्या भांडणातून. एक जुना कागद निघाला, वकील म्हणाले वाचून आणा. मी तो घेऊन सदाशिव पेठेत एका वृद्ध गृहस्थांकडे गेले. त्यांनी दोन तास लावून कागद वाचला, आणि लिहून दिलेल्या प्रतीत दोन ठिकाणी नुसती टिंबं सोडली. मी विचारलं, इथे काय आहे? ते म्हणाले, ‘इथे अक्षर लागत नाही.’ मी म्हटलं, संदर्भावरून काही अंदाज? त्यांनी मान हलवली. ‘अंदाज तुमच्या वकिलांनी करावा. मी दिसतं ते लिहितो.’

त्या क्षणी मला काय आठवलं, ते तुम्हाला सांगायचं आहे. मला तुमची मेट्रॉलॉजी लॅब, म्हणजे मोजमापाची प्रयोगशाळा, आठवली. दुसऱ्या वर्षाला व्हर्निअर कॅलिपरचं प्रॅक्टिकल होतं आणि मी जर्नलमध्ये २४.१३ मिलिमीटर असं वाचन लिहिलं होतं. सरांनी त्यावर लाल गोल केला आणि विचारलं, ‘हा व्हर्निअर ०.०२चा आहे. याच्यावर २४.१३ कुठून आलं?’ खरंच होतं. लीस्ट काउंट म्हणजे उपकरणाला दिसणारं सगळ्यात लहान माप; ते ०.०२ असेल तर शेवटचा आकडा सम येतो. १२ येईल, १४ येईल, १३ येऊ शकत नाही. मी दोन रेघांच्या मधलं मनानेच ठरवून टाकलं होतं. सरांनी सगळी वाचनं पुन्हा घ्यायला लावली. उपकरणाला जे दिसत नाही ते तुम्हाला दिसलं असं लिहू नका, एवढंच ते म्हणाले. सदाशिव पेठेतल्या त्या टिंबांमध्ये मला तेच सर भेटले.

२०१२मध्ये मी पुराभिलेख खात्याचा मोडीचा वर्ग केला. त्यानंतर तीन वर्षं शनिवार-रविवार किते गिरवले, मिळेल तो कागद वाचला. मोडी तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलेली नसेल, म्हणून थोडं सांगते. लिहिणारा आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेषा ओढून घेतो आणि मग तिला अक्षरं टांगत जातो. हात शक्यतो उचलायचा नाही. दोन शब्दांत जागा नाही. विरामचिन्हं नाहीत. इकार-उकारात ऱ्हस्व-दीर्घ असा भेद नाही. वर प्रत्येक कारकुनाचं वळण वेगळं, आणि घाईत असेल तर त्याच कारकुनाचं सकाळ-संध्याकाळचं वळणही वेगळं. तारखा हिजरी महिन्यांच्या, वर्ष सुहूर सनाचं, आणि तेही अरबी संख्यावाचक शब्दांत. ‘इहिदे सबैन मया व अलफ’ म्हणजे एक, सत्तर, शंभर आणि हजार: ११७१. हे वर्ष मृगापासून सुरू होतं. त्यात ५९९ मिळवले की १७७० येतं. कागद जानेवारी ते मृग या काळातला असेल तर ६०० मिळवायचे. मापं वेगळीच. पाच हात पाच मुठी म्हणजे एक काठी, वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा, एकशेवीस बिघ्यांचा चाहूर. पाव, अर्धा, पाऊण हे उभ्या दांड्यांनी लिहिलेले. एखादी दांडी वाळवीने खाल्ली की जमीन कमी होते.

वर्गात माझ्याबरोबर इतिहासाचे, मराठीचे पदवीधर होते. शब्दसंपत्ती त्यांची माझ्यापेक्षा कितीतरी मोठी. पत्रातला मायना, फारसी शब्द, माणसांची नाती त्यांना चटकन कळायची. मला ते सगळं नव्याने शिकावं लागलं आणि अजून शिकते आहे. पण हिशेबाचा कागद आला की ते माझ्याकडे सरकवायचे. ताळेबंदातला एखादा आकडा संशयास्पद वाटला तर मी रकान्याची बेरीज लावून बघायची. जमा आणि खर्च जुळले तर आकडा बरोबर, नाही जुळले तर फरक किती आहे त्यावरून कोणत्या ओळीत चूक झाली ते शोधायचं. ही युक्ती मला कुणी इतिहासात शिकवली नव्हती. कारखान्यात असेंब्ली बसत नसली की आम्ही प्रत्येक भागाची टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, मांडून हेच करत होतो.

आणखी एक सांगते, कारण ते माझ्या कामाचा कणा आहे. क्वालिटीत गेज आर अँड आर नावाची चाचणी असते. तेच दहा नग तीन तपासनिसांना द्यायचे, एकमेकांचे आकडे न दाखवता, आणि तेही दोन-तीनदा फेरबदल करून. मग बघायचं, एकाच माणसाचं वाचन स्वतःशी किती जुळतं आणि तिघांचं आपसात किती. माझ्याकडे आज दोन मुली काम शिकतात. न्यायालयात जाणारा कुठलाही कागद आम्हा तिघींपैकी दोघीजणी वेगवेगळ्या बसून वाचतात, मग प्रती शेजारी ठेवतो. जिथे शब्द वेगळा आला तिथे तिसरी वाचते. तिघींचं तीन आलं तर तिथे टिंबं. वकिलांना याचा कधी कधी राग येतो. पण उलटतपासणीत माझी प्रत टिकते ती या पद्धतीमुळे. ही पद्धत मला कारखान्याने दिली, आणि कारखान्याच्या दारापर्यंत मला तुम्ही पोहोचवलंत.

या सवयीची खरी परीक्षा २०२३मध्ये झाली. कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, काम आधी मराठवाड्यापुरतं होतं, मग राज्यभर पसरलं. जिल्ह्याजिल्ह्यात मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. एका तालुक्याच्या अभिलेख कक्षात मीही काही आठवडे बसले. गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूची नोंदवही, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. खासरा पत्रकं, पाहणी पत्रकं. शंभर वर्षांपूर्वीच्या कोतवालाने लिहिलेली एक ओळ, आणि तिच्यावर आजच्या घरातल्या मुलाचा दाखला, त्याची फी, त्याची नोकरी अवलंबून. कक्षाच्या बाहेर माणसं उभी असायची. आत धूळ, ट्यूबलाइट आणि भिंग.

एक तिशीचा माणूस रोज यायचा. त्याच्या पणजोबांचं नाव सापडलं होतं, गाव बरोबर होतं, वडिलांचं नाव बरोबर होतं. जातीच्या रकान्यात शाई फुटलेली. एक अक्षराचा शेपटासारखा भाग दिसत होता, बाकी डाग. मी वेगवेगळ्या उजेडात पाहिलं, फोटो काढून मोठा करून पाहिलं, दुसऱ्या वाचकाला दाखवलं. मग ‘अवाचनीय’ लिहिलं. तो म्हणाला, ‘ताई, तुम्ही फक्त लिहायचं आहे. काय आहे ते तुम्हालाही माहिती आहे अन् मलाही.’ कदाचित त्याचं बरोबरही असेल. माझ्या हातात पेन होतं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी. मी तो शब्द बदलला नाही. पुढचे चार दिवस जेवणाच्या सुट्टीत त्याच गावच्या बाकीच्या वह्या चाळल्या, त्याच घराची दुसरी नोंद मिळते का ते बघायला. माझ्या हाती लागली नाही. तो माणूस मला अजून आठवतो. आणि त्याच्याबरोबर लाल गोल केलेलं ते २४.१३ही आठवतं, कारण त्या दिवशी मी खंबीर राहिले ती तेवढ्याच आधारावर.

आता मला सांगा, माझं काम पदवीशी ‘संबंधित नाही’ असं म्हणायचं का? शाखेच्या नावाशी नाही, हे मान्य. मी टर्बाइन बनवत नाही, थर्मोडायनॅमिक्सचं एकही समीकरण मला आता धड मांडता येणार नाही. पण तुमच्या लॅबमध्ये, वर्कशॉपमध्ये, त्या कंटाळवाण्या जर्नलमध्ये तुम्ही जे घडवलंत ते मी रोज वापरते. तुम्ही दिलेलं तुमच्याच फॉर्मला ओळखता येत नाही, याचं मला खरंच दुःख होतं.

मला कल्पना आहे की हा फॉर्म तुम्ही हौसेने बनवलेला नाही. अभियांत्रिकी अभ्यासक्रमांना मानांकन देणाऱ्या एनबीएच्या स्वमूल्यमापन अहवालात वर्षानुवर्षं तीन गट मोजले गेले: नोकरीला लागलेले, उच्च शिक्षणाला गेलेले, आणि अभियांत्रिकी-तंत्रज्ञानात उद्योजक झालेले. मोडी वाचणारी, स्वतःचं काम स्वतः मिळवणारी बाई यांतल्या कुठल्याच गटात बसत नाही. मानांकनासाठी आकडे लागतात आणि आकड्यांसाठी रकाने लागतात. तुमची ती अडचण मला समजते. पण मानांकनाचा तक्ता हा तुमच्या विभागाचा आरसा होऊन बसला आहे, आणि त्याचा त्रास आज तुमच्यासमोर बसलेल्या मुलांना होतो. तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याने मला मध्यंतरी पत्र लिहिलं. त्याला जुन्या वाद्यांच्या दुरुस्तीत रस आहे, मिरजेत सतारी बनवणाऱ्यांकडे जाऊन बसतो. त्याला महाविद्यालयात सांगण्यात आलं, ‘कोअर सोडलंस की चार वर्षं वाया.’ त्याने मला एकच विचारलं होतं, ‘मॅडम, खरंच वाया जातात का?’

हाच प्रश्न मला आमच्या आप्पांनी विचारला होता. ते एसटीच्या कार्यशाळेत मेकॅनिक होते. माझ्या शिक्षणाचं कर्ज त्यांच्या नावावर होतं. मी नोकरी सोडते म्हटल्यावर ते ओरडले नाहीत; चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, ‘मग चार वर्षं कशाला घातलीस?’ त्या वेळी मला उत्तर देता आलं नाही. दहा वर्षांनी ते मला नीट शब्दांत मांडता येतंय. हे उत्तर तेव्हाच मला तुमच्याकडून मिळालं असतं, पदवीदान समारंभात कुणी दोन वाक्यं बोललं असतं, तर त्या घरातली ती दोन वर्षं आम्हा दोघांनाही सोपी गेली असती.

मी मुलांना नोकऱ्या सोडायला सांगत नाही. कॅम्पसवर येऊन ‘पदवी हा कागदाचा तुकडा आहे, मनाचं ऐका’ असं सांगणाऱ्या वक्त्यांशी माझं अजिबात पटत नाही. पहिल्या वर्षी मोडीतून मला जे पैसे मिळाले ते माझ्या आधीच्या तीन महिन्यांच्या पगाराइतके होते. भोसरीत साठवलेले पैसे नसते तर मी परत गेले असते. एका डिजिटायझेशनच्या प्रकल्पात मला मुलाखतीलाही बोलावलं नाही, कारण अर्जात इतिहासाची पदवी सक्तीची होती. मग रात्री अभ्यास करून बहिःस्थ एम. ए. केलं. २०२३-२४च्या त्या लाटेत मोडी शिकायला झुंबड उडाली होती, लाट ओसरल्यावर त्यातले बरेच जण कामावाचून बसले. हे सगळं मुलांना आधी कळायला हवं. ते सांगणारं कुणी तुमच्या व्यासपीठावर येत नाही, कारण आमच्यासारख्यांचे पत्तेच तुमच्याकडे नाहीत. फॉर्म चौथ्या प्रश्नालाच संपतो.

शाखा ओलांडून गेलेल्या माणसाने काय केलं, याचं आपल्या जवळचं उदाहरण दामोदर धर्मानंद कोसंबींचं आहे. मूळ गोव्याचं घराणं, हार्वर्डला शिक्षण, पुण्यात फर्ग्युसनमध्ये गणिताचे प्राध्यापक, पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. या गणितज्ञाने प्राचीन आहत, म्हणजे ठसे मारलेली, नाणी हातात घेतली आणि काय केलं, तर ती तराजूवर ठेवली. नाणं जितकं जास्त हातांतून फिरतं तितकं झिजतं, तितकं हलकं होतं. एकेका गटाचं वजन, त्यातला विखुरलेपणा, यांवरून त्यांनी नाण्यांचा काळक्रम लावण्याची रीत घातली. १९५६ साली त्यांचा भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरचा ग्रंथ आला आणि तो आजही वाचावा लागतो. त्यांनी गणित सोडलं नव्हतं. ते घेऊनच ते इतिहासाच्या घरात शिरले. अशी रीत काढायला सांख्यिकी हाडीमांशी मुरलेला माणूसच लागला.

आणि आजही मोडीला तुमच्या मुलांची गरज आहे. २०१४मध्ये युनिकोडच्या, म्हणजे संगणकावरच्या लिप्यांच्या प्रमाण संकेतप्रणालीच्या, ७.० आवृत्तीत मोडीला जागा मिळाली. नुसत्या पुण्याच्या पेशवे दफ्तरात कोट्यवधी कागद रुमालांत बांधलेले आहेत. गो. स. सरदेसाईंनी १९३०च्या दशकात त्यांतले निवडक कागद ४५ खंडांत छापले, तरी ढीग हलला नाही. ते स्कॅन करायला, नासलेला कागद वाचता येईल असा प्रकाश बसवायला, यंत्राला मोडी अक्षर शिकवायला संगणकाचे, इलेक्ट्रॉनिक्सचे, केमिकलचे विद्यार्थी लागतील. त्यांतल्या प्रत्येकाच्या फॉर्मवर ‘संबंधित नाही’ असंच येणार आहे का?

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. ‘नाही’नंतर फॉर्म पुढे चालू द्या, आणि शेवटचा तो प्रश्न सगळ्यांना विचारा. मानांकनाच्या तक्त्यात ती उत्तरं बसली नाहीत तर न बसोत. विभागात एक वही ठेवा आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलांना ती वाचायला द्या. नव्या शैक्षणिक धोरणात ओपन इलेक्टिव्ह आणि बहुविद्याशाखीय मायनर आले आहेत. जिथे त्यांच्या यादीत व्यवस्थापनाचेच विषय भरलेले असतील, तिथे जवळच्या अभिलेखागाराशी, वाद्य बनवणाऱ्या कारागिरांशी, बियाणं जपणाऱ्या शेतकऱ्यांशी बोलून एखादा विषय घाला. वर्षातून एक दुपार आम्हाला बोलवा. यशोगाथा सांगायला नको. पहिल्या वर्षीचे पैसे, नाकारलेला अर्ज, घरातलं भांडण आणि कामाची पद्धत, हे सगळं मुलांना विचारू द्या. मिरजेला जाणाऱ्या त्या मुलाला मी उत्तर पाठवलं आहे, पण ते त्याला त्याच्या महाविद्यालयातूनच मिळायला हवं होतं.

मला बोलावलंत तर मी येईन, गाडीभाडं माझं मी बघेन. पेशवाईतल्या एका हिशेबाच्या कागदाची रंगीत प्रत घेऊन येते. तुमच्या मेट्रॉलॉजी लॅबमधला ०.०२चा एक व्हर्निअर तेवढा टेबलावर काढून ठेवा. पहिला अर्धा तास मुलांना तो वाचायला लावते, मग कागद उघडू.

आपली माजी विद्यार्थिनी,
मेकॅनिकल, २००९